हजेरीपटाबाहेरची मुले

सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ साली प्रसिद्ध झाले. त्यात १८७६-७७ च्या दुष्काळाचे एक कोष्टक आहे. डावीकडे महिन्यांची नावे, आणि समोर ओळीने रकाने: सरकारी मदतकामांवर रोज सरासरी किती माणसे होती, धर्मादाय मदतीवर किती होती, रुपयाला बाजरी किती पौंड आणि जोंधळा किती पौंड मिळत होता, पाऊस किती इंच पडला, खर्च किती झाला. पुणे आणि अहमदनगरच्या गॅझेटियरांतही असेच कोष्टक सापडते. आखीवरेखीव, स्वच्छ काम आहे. ज्याने ते तयार केले त्याला आपल्या कामाची चाड होती, हे लगेच कळते.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. एका सूतगिरणीच्या हिशेबखात्यात पंचवीस वर्षे हजेरीपट आणि पगारपत्रके तपासण्यात गेली. गिरणी बंद पडल्यावर जिल्ह्याच्या ग्रंथालयात बसू लागलो, आणि जुनी गॅझेटियरे वाचण्याचा नाद लागला. हिशेबनिसाला एक खोड असते. कोष्टकात काय आहे ते तो पाहतोच, पण त्याच्या आधी कोणता रकाना आखलेलाच नाही ते पाहतो. या कोष्टकात मुलांचा रकाना नाही. दुष्काळात सर्वांत आधी ज्यांचा बळी जातो, ती मुले या हिशेबात कुठे आहेत, हा प्रश्न तिथून माझ्यामागे लागला. त्याचे उत्तर शोधताना गेल्या दीडशे वर्षांच्या दुष्काळी मदतीचा इतिहास मला वेगळाच दिसू लागला. तो वाचकांपुढे ठेवतो.

*

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये अपुरा पडला. सोलापूर आणि कलादगी (म्हणजे नंतरचे विजापूर) हे जिल्हे सर्वांत होरपळले. सातारा, पुणे, नगर, बेळगाव, धारवाड, नाशिक इथेही धान्याचे भाव कडाडले. मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थानात तर त्याहून भीषण अवस्था होती. सरकारने लोकांसाठी कामे काढली. आज दौंडहून मनमाडकडे जाणारा प्रवासी ज्या रुळांवरून जातो, त्यांखालच्या भरावाची माती याच दुष्काळात उपाशी माणसांनी वाहिली. सोलापूर जिल्ह्यातला आष्टीचा तलाव, माणदेशातला म्हसवडचा तलाव हीही त्याच काळात सुरू झालेली कामे.

या कामांवर मजुरी काय होती? सुरुवातीला पुरुषाला दिवसाचे दोन आणे, बाईला दीड आणा, आणि काम करू शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एक आणा. धान्य रुपयाला सोळा पौंडांहून महाग झाले की मजुरी भावाशी जोडायची, असे ठरले: पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. जानेवारी १८७७ मध्ये मुलकी खात्याच्या लहान कामांवर हा वरचा एक आणा अर्ध्यावर आणला. धडधाकट माणसांनी गावाजवळची कामे सोडून बांधकाम खात्याच्या मोठ्या, लांबच्या कामांवर जावे, हा त्यामागचा हेतू होता.

हिशेबाची सवय आहे, म्हणून मांडून पाहिले. नवरा, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी असे एक घर धरा. पहिल्या दराने तिघांचे मिळून साडेचार आणे. रुपयाला सोळा पौंड या भावाने आण्याला एक पौंड पडतो, म्हणजे घरात साडेचार पौंड धान्य. मीठ, मिरची, सरपण, दळण यातूनच. चौथे तोंड कोणाच्या वाट्यातून खाणार? आईच्या. आता भाव दुप्पट, म्हणजे रुपयाला आठ पौंड झाला असे समजा. अर्ध्या आण्यात पाव पौंड येते. नव्या दराने पुरुषाच्या हातात दिवसाला सव्वा पौंड धान्याची मजुरी पडते. त्यातला एक पौंड जोंधळा म्हणजे आजच्या भाषेत सुमारे साडेपंधराशे उष्मांक. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला तेवढे स्वतःलाच पुरत नाहीत. बाईची मजुरी त्याहून कमी. हजेरीपटावर नसलेल्या पोराचे पोट ज्या उरलेल्या घासांवर भरायचे, ते घासच या दराने संपवले.

या काटकसरीमागे व्हाइसरॉय लॉर्ड लिटनचे धोरण होते, आणि ते अमलात आणायला सर रिचर्ड टेंपल दुष्काळी मुलखात फिरत होता. या टेंपलची कहाणी चमत्कारिक आहे. १८७४ साली बिहार-बंगालमध्ये टंचाई आली तेव्हा त्याच्याच देखरेखीखाली ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने वाटला गेला. माणसे जवळजवळ मेलीच नाहीत. पण उधळपट्टी केली म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. १८७७ मध्ये त्याला तो डाग धुऊन काढायचा होता. एक पौंडाच्या दराला त्याचेच नाव चिकटले, आणि त्याच वर्षी तो मुंबईचा गव्हर्नर झाला. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या दरावर जाहीर हरकत घेतली: एवढ्या अन्नावर श्रम करणारा माणूस खंगत जाणार, आणि खंगलेला माणूस पहिल्या रोगाला बळी पडणार. मद्रासमध्ये तो दर काही महिन्यांनी वाढवावा लागला.

मुंबई इलाख्यात लोकांनी स्वतःच उत्तर दिले. जानेवारी ते मार्च १८७७ या काळात एक लाखाहून अधिक मजूर कामे सोडून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संप आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. सभेत गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका होते, न्यायमूर्ती रानडे यांचा विचार होता. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली, दुष्काळाचे वृत्तान्त छापले, सरकारला अर्ज पाठवले. संप मोडला तो उपासमारीनेच. पण सरकारी आकड्यांना लोकांनी गोळा केलेल्या आकड्यांनी उत्तर देण्याची रीत आपल्याकडे तिथे रुजली.

*

मुलांसाठी वेगळे काही उभे राहिले ते सरकारच्या कामांबाहेर. ओतूरहून सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी जोतीरावांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. जुन्नर भागातली गावे ओस पडत चालली होती, जनावरे मरत होती, माणसे घरदार टाकून निघाली होती. आणि सत्यशोधक मंडळी अन्नाची सोय करण्याच्या धडपडीत होती. त्याच सुमारास पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक समाजाने ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ सुरू केला, आणि मे १८७७ मध्ये जोतीरावांनी त्याच्यासाठी लोकांकडे मदत मागणारे पत्रक काढले.

याचे महत्त्व माझ्या मते किती मुलांना किती दिवस भाकरी मिळाली, यापुरते नाही. सरकारचा नियम होता: काम करील त्याला धान्य. धनकवडीचा नियम साधा होता: भूक आहे त्याला भाकरी, आणि तीही मुलाच्या स्वतःच्या हातात. मूल हे आईबापाच्या मजुरीचे शेपूट नाही, त्याचा अन्नावर स्वतःचा हक्क आहे, ही गोष्ट तिथे कृतीत उतरली. समाजाची स्थापना होऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. हाताशी पैसा नव्हता, राजाश्रय नव्हता. आश्रमाला नाव मात्र त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी दिल्ली दरबारात जिच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरवली गेली, त्या राणीचे. राणीच्या नावाने काढलेल्या आश्रमाला मदत नाकारणे साहेबांना अवघड जावे, एवढे व्यवहारज्ञान जोतीरावांपाशी नक्कीच होते.

पंढरपूरला प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ पासून होता, म्हणजे दुष्काळाच्या उंबरठ्यावरच त्याचे दार उघडले होते. मद्रासकडे ऑगस्ट १८७७ नंतर लंडनच्या मॅन्शन हाऊस फंडातून मदत पोचली. इंग्लंडातल्या सामान्य लोकांनी दिलेल्या वर्गणीतून सहा लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. तिचे वाटप करणाऱ्या समितीचा चिटणीस विल्यम डिग्बी याने दुसऱ्याच वर्षी दुष्काळावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि पुढे तो साम्राज्याच्या कारभाराचा कडवा टीकाकार झाला. दान मोजता मोजता माणसाला दानाची गरज का पडली हे दिसू लागते, याचे हे एक उदाहरण.

दुष्काळ संपला तेव्हा ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली होती. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्ये सात लाख एकोणीस हजारांच्या घरात होती; १८८१ च्या जनगणनेत ती पाच लाख ब्याऐंशी हजारांवर आली. शंभरातली एकोणीस माणसे कमी. काही परमुलखात गेली, काही मेली. आणि काही जन्मलीच नाहीत, कारण दुष्काळात पाळणेही थांबतात. आणखी एक गोष्ट आकड्यांतून दिसते: मृत्यूचा कळस बहुतेक वेळा कोरड्या महिन्यांत येत नाही, तो पाऊस परतल्यावर येतो. हिवताप, पटकी, हगवण हे खंगलेल्या शरीरांची वाटच पाहत असतात. नेमकी तेव्हा कामे बंद होत असतात, कारण पाऊस पडला म्हणजे दुष्काळ सरला असे दप्तर समजते. मुलांच्या बाबतीत हा गैरसमज सर्वांत महाग पडतो.

*

१८८० मध्ये रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा अहवाल आला, आणि त्यातून दुष्काळाची संहिता, म्हणजे फॅमिन कोड, तयार झाली. टंचाईची लक्षणे कोणती, कामे केव्हा काढायची, मजुरी कशी ठरवायची, कामाला असमर्थ असलेल्यांची यादी गावात कोणी करायची, हे सारे कलमवार लिहिले गेले. संहिता सदोष होती, पण ती लेखी होती. आणि लेखी गोष्टीचा एक गुण असा, की ती ज्याच्यासाठी लिहिली त्याला ती वाचून दाखवता येते. १८९६ चा दुष्काळ आला तेव्हा टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने नेमके हेच केले. संहितेतल्या तरतुदी मराठीत छापून गावोगाव पोचवल्या. सरकारकडे भीक मागू नका, सरकारनेच लिहून ठेवलेले मागा, हा त्याचा मथितार्थ. सरकारला तो इतका झोंबला, की १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली गेली.

मुलांचा प्रश्न संहितेत आला, पण वादासकट. कामावरच्या मजुरांबरोबर आलेल्या लहान मुलांना मदत कशी द्यायची? रोख पैसे आईबापाच्या हाती दिले तर ते मुलाच्या पोटात जातीलच असे नाही. आणि उपाशी बापाला त्यासाठी दोष तरी कसा द्यावा? म्हणून मुलांसाठी कामाच्या जागीच स्वयंपाकघर काढून शिजवलेले अन्न द्यावे, असे एक मत होते. पण शिजवलेले म्हटले की जात आली: कोणी रांधले, कोणाच्या पंगतीत. पुष्कळ घरांनी पोर उपाशी ठेवले, पण त्या पंगतीला धाडले नाही. आजच्या शालेय पोषण आहाराच्या पातेल्याभोवती अधूनमधून जे वाद उठतात, त्यांचे मूळ इतके जुने आहे.

अनाथ मुलांचा प्रश्न त्याहून बिकट होता. पंडिता रमाबाई १८९७ मध्ये मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन परतल्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते. दक्षिणेतल्या उपासमारीत आई, वडील आणि बहीण यांना गमावून ही बाई स्वतः वाढली होती. भुकेने माणूस कसा दिसतो हे तिला पुस्तकातून कळले नव्हते. पुण्यात प्लेग, शहरात इतक्या मुली ठेवायला सरकारची बंदी. म्हणून केडगावच्या शेतात मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातकडच्या मुलीही तिथे आल्या, आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. तिथे केवळ जेवण नव्हते. विणकाम, छपाई, तेलाचा घाणा, शेती असे हाताला काम शिकवले जात होते.

त्याच साली ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या वाचकांच्या वर्गणीतून मका भरून आलेले ‘क्विटो’ जहाज मुंबईला लागले. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातील मदतकार्यासाठी १९०१ मध्ये कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. या साऱ्या मदतीबरोबर धर्मांतराचा प्रश्न येणारच होता. पंजाबात लाला लजपतराय यांनी आर्यसमाजातर्फे हिंदू अनाथ मुलांसाठी चळवळ उभारली ती त्यामुळेच. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात एवढेच जाणवते, की मुलाला कोणी न्यावे यावर तावातावाने भांडणारा समाज, मूल अनाथ होईपर्यंत त्या घराच्या चुलीकडे फिरकला नव्हता. आईबाप जगले असते तर वाद उद्भवलाच नसता. कुटुंब मोडण्याआधी त्याच्यापर्यंत पोचणे, हीच मुलांसाठीची खरी मदत; बाकी सारी त्या चुकलेल्या वेळेची भरपाई.

*

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही वेळ बऱ्याच अंशी साधली. मे १९७३ मध्ये राज्यातल्या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. मजुरांत निम्म्याच्या आसपास बायका. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. १८७७ सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही, याचे श्रेय त्या कामांना, वेळेवर पोचलेल्या मजुरीला, आणि मोर्चे काढून ती मिळवणाऱ्या लोकांना आहे.

मी १९७१ चा. म्हणजे त्या उन्हाळ्यात मी खडीच्या ढिगाजवळ, बाभळीला बांधलेल्या झोळीत होतो. मला अर्थातच काही आठवत नाही. आई सांगायची ते आठवते: मुकादम हजेरी घ्यायचा, तिचे नाव यायचे, दुपारी सुकडी वाटायला येत, तेव्हा झोळीतल्या पोराचाही घास मोजून द्यायचे. सुकडी म्हणजे पीठ, साखर, तेल यांची भाजलेली पौष्टिक भुकटी. आमच्या पिढीतल्या अनेकांना तिची चव अजून सांगता येते. आईला लिहिता येत नव्हते, पण एक फरक तिने नेमका टिपला होता. ती म्हणायची, मिलो घरासाठी होता, सुकडी तुझी होती. धनकवडीला जे एका आश्रमापुरते झाले, ते शंभर वर्षांनी सरकारी कामावर होत होते. हजेरीपटावर नाव नसलेल्या पोराचा घास मोजला जात होता.

त्यातूनच वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना कायद्यात आली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्यातून अंगणवाडी आली. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात तर, कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरी देऊन नेमावी, असे कलमच घातले गेले. १८७७ चा रकाना अखेर आखला गेला, असे म्हणायला हरकत नसावी.

पण रकाना आखणे आणि तो भरणे यांत अंतर असते, हे हिशेबनिसाला सांगावे लागत नाही. तुमच्या हाती हा दिवाळी अंक पडेल त्या दिवसांत बीड, धाराशिव आणि नगर जिल्ह्यांच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या ट्रक आणि ट्रॅक्टर निघालेले असतील. उचल घेतलेली असते, हंगामभर फडातच राहायचे असते. तिथे मजुराचे माप ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे निघाली आहेत. ती जिथे नीट चालतात तिथे मुले मागे राहतात आणि शिकतात. सहा वर्षांखालचे मूल मात्र आईबरोबर जाते. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते, आणि ते स्वतः दोनशे किलोमीटरवर पाचटाच्या कोपीत. इथल्या पटावर आहे म्हणून तिथल्या पटावर नाही. तिथे आहे म्हणून इथला आहार त्याच्या तोंडी पडत नाही.

याला कोणी दुष्काळ म्हणत नाही. कोरडवाहू रानात भागत नाही म्हणून दरवर्षी घर सोडायचे आणि मुलाने आईच्या वाट्यातून खायचे, याला दुसरे नाव मला सापडलेले नाही. उपायही फार अवघड नाही. कायदा आहे, योजना आहे, पैसा मंजूर होतो. मुलाचे नाव त्याच्या गावाशी बांधून न ठेवता त्याच्याबरोबर चालते करायचे, आणि कारखान्याच्या तळावर ते पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यायचे. कोयत्यामागे मुले किती, एवढा एक रकाना वाढवायचा.